वैद्यकीय भयपट : नेमके भय कशाचे वाटते?

कृष्णाकाठ (सांगली)

भूत, करणी, पछाडलेला वाडा यांवरच्या भयपटांविषयी आपल्याकडे भरभरून लिहिले जाते, पण रुग्णालय, शस्त्रक्रिया आणि डॉक्टर यांच्याभोवती रचलेल्या भयपटांविषयी मराठीत सलग चर्चा मला फारशी वाचायला मिळालेली नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि तो इतर भयपटांपेक्षा खोल का रुततो, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे आधी मांडतो. पडक्या वाड्यात शिरणाऱ्या नायकाला प्रेक्षक मनातल्या मनात सांगत असतो, की बाबा रे, आत जाऊ नकोस. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला असे सांगण्याची सोय नसते. पोटात दुखते आहे, गाठ हाताला लागते आहे, ताप उतरत नाही. त्याला आत जावेच लागते. तो आपल्या पायांनी चालत जातो, केसपेपर काढतो, डिपॉझिट भरतो, रात्रभर उपाशी राहतो, संमतिपत्रावर सही करतो आणि सांगितले की टेबलावर आडवा होतो. इतर भयपटांतला बळी पळत असतो, इथला बळी सहकार्य करत असतो. पुढे काही विपरीत घडले, तर ओरडायला आणि पळायला त्याच्यापाशी जागाच उरत नाही, कारण त्या जागेवर त्यानेच सही केलेली असते. वैद्यकीय भयपटाचे सारे बळ मला या संमतीत दिसते आणि रक्ताचा भाग त्यापुढे दुय्यम वाटतो.

या मताला आधार म्हणून दोन चित्रपट सांगतो. पहिला जॉर्ज फ्रांजू यांचा १९६० सालचा फ्रेंच चित्रपट 'आईज विदाउट अ फेस'. अपघातात चेहरा गमावलेल्या आपल्या मुलीसाठी एक नामवंत शल्यविशारद दुसऱ्या तरुणींचे चेहरे काढून तिला लावू पाहतो. शस्त्रक्रियेच्या प्रसंगात तो आधी बेशुद्ध तरुणीच्या चेहऱ्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखतो आणि मग त्याच रेघेवरून शस्त्र फिरवतो. कॅमेऱ्याला घाई नाही, कुणाच्या तोंडून किंचाळी नाही, आणि बापाचा हात जराही थरथरत नाही. पुढे कलम रुजत नाही, तेव्हा मुलीच्या चेहऱ्याची छायाचित्रे एकामागून एक दिसतात आणि केसपेपरवर नोंद करावी तशा कोरड्या आवाजात त्यांवरचे निवेदन ऐकू येते. स्वतःच्या लेकीची कातडी मरते आहे आणि बापाचा आवाज बदलत नाही, या एका गोष्टीने मला सगळ्या चित्रपटात सर्वांत जास्त भ्यायला लावले.

दुसरा चित्रपट 'कोमा', १९७८ सालचा. मूळ कादंबरी रॉबिन कुक यांची, दिग्दर्शन मायकेल क्रायटन यांचे, आणि दोघांचेही शिक्षण वैद्यकाचे. बॉस्टनच्या एका रुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट माणसे शस्त्रक्रियेच्या आठ नंबरच्या थिएटरमधून शुद्धीवर येतच नाहीत, कारण ऑक्सिजनच्या वाहिनीतून त्यांना कार्बन मोनॉक्साइड दिला गेलेला असतो. टेबलाभोवती उभ्या असलेल्या लोकांना त्याचा पत्ताही नसतो. ते आपापले काम चोख करत असतात, यंत्रे नीट चालत असतात, नोंदी वेळेवर होत असतात, आणि त्या चोख कामातूनच माणूस मारला जात असतो. मारणारा हात आणि वाचवणारा हात एकाच पद्धतीने हलत असेल, तर टेबलावरच्या माणसाने कुणाकडे बघून धीर धरायचा?

तुम्हाला या प्रकारच्या चित्रपटांत कशाचे भय वाटते, हे सविस्तर वाचायला आवडेल. डॉक्टर आणि रुग्णालयात काम करणाऱ्या मंडळींनी तर आवर्जून लिहावे.

हरिपूर (सांगली)

संमतीचा मुद्दा विचारपूर्वक मांडला आहे, पण रक्ताला दुय्यम ठरवणे मला पटत नाही. संमतीचे भय चित्रपट संपल्यावर विचार करताना जाणवते. चित्रपट चालू असताना जे जाणवते ते शरीराला जाणवते, आणि त्याचे कारण कातडी, सुई आणि रक्त हेच असते. उंचीची किंवा सापाची भीती वाटली की नाडी जोरात चालते. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्या अनेकांचे मात्र उलट होते. क्षणभर नाडी वाढते आणि मग नाडी व रक्तदाब दोन्ही एकदम उतरून माणूस खाली कोसळतो. रक्तदान शिबिरात धिप्पाड तरुण खुर्चीवरून घसरताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या वेळी त्यांच्या मनात कोणताही संशय नसतो, डॉक्टरवर अविश्वास नसतो, ते हौसेने आलेले असतात. मन तयार असताना शरीर नकार देते, हे मला या चित्रपटांचे मूळ वाटते.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) हा भूतबाधेचा चित्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातले सैतानाचे प्रसंग आता पाहताना मी शांत बसू शकतो, पण त्या मुलीच्या मानेत सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात तो प्रसंग आजही मला सलग पाहवत नाही. सुई आत जाते, रक्ताची धार उडते, यंत्र दणादण वाजू लागते, आणि भोवतीचे लोक सवयीने हालचाली करत असतात. त्या प्रसंगात कुणीही दुष्ट नाही. तिथे जी शिरशिरी येते ती रक्ताचीच.

मिरजवासी (मिरज)

मी मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून आमचे गाव दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. आजही सांगली-कोल्हापूरबरोबर बेळगाव, विजापूर, बागलकोटकडचे रुग्ण इथे उतरतात, त्यामुळे टेबलावर आडव्या होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतली भीती हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

हरिपूर यांनी सांगितलेल्या प्रसंगाविषयी आधी. त्या काळी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्यासाठी मानेतल्या रोहिणीत थेट सुई घालण्याची पद्धत खरोखरच होती, आणि क्ष-किरणांच्या पट्ट्या भराभर बदलणाऱ्या यंत्राचा आवाजही तसाच असे. आता जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेतात, आणि अनेक तपासण्या तर सीटी स्कॅनवरच भागतात. तो प्रसंग अंगावर येतो, कारण त्यात अतिशयोक्ती जवळजवळ नाही.

आता माझ्या क्षेत्राविषयी. भूल म्हणजे एक इंजेक्शन आणि गाढ झोप, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पूर्ण भूल देताना तीन निराळी कामे साधायची असतात: शुद्ध हरपणे, वेदना थांबणे आणि स्नायू सैल पडणे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा उगम दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत त्या क्युरारे या विषात आहे, आणि १९४२ मध्ये मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी ते भुलीत वापरून दाखवले. या औषधाने माणसाला पापणीही हलवता येत नाही आणि श्वाससुद्धा यंत्राने द्यावा लागतो, मात्र शुद्धीवर किंवा वेदनेवर त्याचा परिणाम होत नाही. पहिल्या दोन कामांत उणीव राहिली आणि तिसरे मात्र पूर्ण झाले, तर माणूस जागा असेल आणि ते कुणालाही दिसणार नाही. 'अवेक' (२००७) हा चित्रपट याच शक्यतेवर उभा आहे. दुर्दैवाने त्याला ही एक शक्यता पुरेशी वाटली नाही आणि त्याने वर खुनाचा कट रचला. माझ्या मते त्यामुळे भय वाढण्याऐवजी पातळ झाले.

असे किती वेळा घडते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत सुमारे १९,००० पूर्ण भुलींमागे अशी एक तक्रार आढळली. स्नायू सैल करणारे औषध वापरले होते तिथे हे प्रमाण सुमारे ८,००० मागे एक होते, आणि वापरले नव्हते तिथे सुमारे १,३६,००० मागे एक. बहुतेक प्रसंग भूल चढताना किंवा उतरताना घडलेले आणि काही मिनिटांचेच होते. तरीही या चर्चेच्या दृष्टीने त्या पाहणीतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्यांना मानसिक त्रास झाला, त्यांच्या त्रासाचा संबंध वेदनेपेक्षाही हलता न येण्याशी जास्त होता. आपण जागे आहोत हे सांगता येत नाही, आणि सांगण्याचे सगळे मार्ग आपल्याच भल्यासाठी बंद केलेले आहेत. कृष्णाकाठ यांच्या संमतीच्या मुद्द्याला मी इथे माझी सही देतो.

कुणाला खरोखर थरारक प्रसंग लिहायचा असेल, तर एक पद्धत सांगतो. संशोधनात कधीकधी स्नायू सैल करण्याचे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला पट्टा बांधून फुगवतात, म्हणजे औषध त्या हातापर्यंत पोहोचत नाही. सारे शरीर निश्चल झाल्यावर भूलतज्ज्ञ त्याच्या कानाशी म्हणतो, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." काही जण हात दाबतात. नंतर विचारले, तर त्यांना त्यातले काहीही आठवत नसते. त्या क्षणी तिथे नेमके कोण जागे होते, या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या अभ्यासातून आजवर समाधानकारक देऊ शकलेलो नाही.

यवतेश्वर (सातारा)

मी लघुपटांचे ध्वनिमुद्रण करतो, म्हणून एक प्रश्न विचारतो. वैद्यकीय प्रसंग आला की मॉनिटरचा तोच टिट-टिट आवाज आणि मग सरळ रेघेची लांब शिट्टी, यापलीकडे चित्रपट जात नाहीत. प्रत्यक्ष थिएटरमध्ये ज्या आवाजाने तुमचे लक्ष तत्काळ वेधले जाते, असा कोणता आवाज असतो?

मिरजवासी (मिरज)

यवतेश्वर, प्रश्न योग्य आहे. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर प्रत्येक ठोक्याला आवाज देते आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की त्या आवाजाची पट्टी खाली येते. पडद्याकडे न पाहता, दुसऱ्याशी बोलत असतानाही, आमचा कान ते टिपतो. ठोके चालू असतात, ताल तोच असतो, पण स्वर उतरत जातो. बाहेरच्या माणसाला काहीच वेगळे वाटणार नाही आणि खोलीतल्या जाणत्या माणसांचे बोलणे मात्र एकाच वेळी थांबेल.

सरळ रेघ आल्यावर छातीला विजेचा झटका देणे हा तर चित्रपटांनी रुजवलेला गैरसमज आहे. झटका ठराविक बिघडलेल्या तालांवर देतात. हृदयाची विद्युत हालचाल पूर्ण थांबली असेल, तर छाती दाबणे आणि औषधे देणे हाच मार्ग असतो.

शाहूपुरी (सातारा)

मी अनेक वर्षे सर्जिकल वॉर्डात आणि थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केले आहे. या चर्चेत एक जागा सुटते आहे असे वाटले, म्हणून लिहिते.

चित्रपटात माणूस वॉर्डातून एकदम टेबलावर दिसतो. मधला तास-दीड तास कुणी दाखवत नाही, आणि माझ्या मते भीती तिथेच तयार होते. बाईला थिएटरसाठी तयार करताना आम्ही अंगावरचे दागिने उतरवून घेतो. मंगळसूत्र, जोडवी, नथ हे सगळे रुमालात बांधून नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात देतो. खेड्यातल्या बायका मंगळसूत्र काढायला कचरतात. कुणी ते पदराखाली धरून ठेवते, कुणी विचारते की सिस्टर, एवढे राहू दे ना. हिरव्या बांगड्या निघत नसल्या किंवा काढायला जीव धजत नसला, तर त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळतो. नखांचा रंग पुसतो, कारण ऑक्सिमीटरला अडचण होते. कवळी काढून ठेवली की वयस्कर माणसांचा चेहराच बदलतो आणि ती तोंडावर हात धरून बोलू लागतात. मग हिरवा गाऊन, मनगटाला नावाची पट्टी. या सगळ्याला योग्य वैद्यकीय कारण आहे, मी ते रोज समजावून सांगत आले. तरीही मी पाहिले आहे, की वॉर्डात आलेली अमक्याची आई, तमक्याची सून त्या तासाभरात एकेक वस्तू उतरवत ट्रॉलीपर्यंत येते तेव्हा तिच्याजवळ तिचे म्हणावे असे काही उरलेले नसते. कुणी दुष्ट डॉक्टर नसताना आणि रक्ताचा थेंब नसताना तिचे हात गार पडलेले असतात. ते हात माझ्या हातात असत, म्हणून मला माहीत आहे.

चित्रपट करणाऱ्याने हा तास नुसता जसाच्या तसा दाखवला, तरी पुढच्या प्रसंगासाठी प्रेक्षक तयार होईल.

कृष्णाकाठ (सांगली)

शाहूपुरीताई, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मूळ मुद्द्याला भक्कम आधार मिळाला, मनापासून आभार. माणसाची ओळख उतरवून ठेवण्याचे हे काम थिएटरमध्ये पुढेही चालू राहते. शरीर कापडाने झाकतात आणि कापायचा तेवढाच चौकोन उघडा राहतो. कपड्यांचा हिरवा-निळा रंगही सोयीसाठी निवडलेला आहे, कारण लाल रक्ताकडे सतत पाहून थकलेल्या डोळ्यांना तो विसावा देतो. डेव्हिड क्रोननबर्ग यांनी 'डेड रिंगर्स' (१९८८) मध्ये शल्यविशारदांना नेमके उलटे, गडद लाल झगे घातले. त्या एका बदलाने थिएटर यज्ञशाळेसारखे दिसू लागते आणि वैद्यक कुणाच्या भल्यासाठी चालले आहे याविषयी मनात शंका उभी राहते.

हरिपूर, रक्ताविषयी तुमचे म्हणणे शारीरिक प्रतिक्रियेपुरते मला मान्य आहे. पण चक्कर येणे आणि भय वाटणे यांत अंतर आहे. निव्वळ कापाकापीचे चित्रपट पाहून मला शिसारी येते आणि तासाभरात मी जेवू शकतो.

हरिपूर (सांगली)

शिसारी आणि भय यांच्यात तुम्ही आखता तेवढी ठळक रेघ मला दिसत नाही. तुम्ही ज्या फ्रेंच चित्रपटाचे उदाहरण दिले, त्यात दिग्दर्शकाने पेन्सिलीची रेघ दाखवून कॅमेरा वळवला असता, तर संमती आणि कोरडा आवाज तुमच्या एवढे लक्षात राहिले असते का? त्याने चेहरा उचलेपर्यंत दाखवले, म्हणून पुढचा प्रत्येक शांत प्रसंग तुम्हाला सोसवेना.

माहुली (सातारा)

मी निवृत्त शिक्षक आहे. सर्वांचे प्रतिसाद आतल्या खोलीविषयी आहेत; मला दाराबाहेरच्या बाकड्याविषयी लिहायचे आहे. आपल्याकडे रुग्ण एकटा नसतो. गावाकडून जीप भरून माणसे येतात, कुणी जिन्यात डबा सोडतो, कुणी रक्ताच्या बाटलीसाठी धावतो. दार उघडले की सगळे उठतात आणि सिस्टर दुसऱ्याच नावाचा पुकारा करते की पुन्हा बसतात. अतिदक्षता विभागात तर दिवसातून ठराविक वेळी एकालाच आत सोडतात. बाहेर आल्यावर तो जे सांगेल ते बाकीच्यांनी खरे मानायचे, आणि त्याने स्वतः काय पाहिले? नळ्या आणि यंत्रे.

त्यामुळे आपल्या प्रेक्षकाचे भय पाश्चात्त्य प्रेक्षकाहून वेगळे आहे, असे मला वाटते. मुडदे उकरून जोडणारा माथेफिरू शास्त्रज्ञ आपल्याला परका वाटतो. एडिंबरोमध्ये १८२८ साली शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेते विकण्यासाठी दोन माणसांनी १६ खून केले आणि त्यानंतर १८३२ मध्ये तिथे प्रेतांविषयीचा कायदा झाला. तिथल्या समाजाच्या आठवणीत हे आहे, म्हणून त्यांच्या भयपटांत शवविच्छेदनाची खोली पुन्हा पुन्हा येते. आपल्या मनातले भय असे आहे, की आतले आपल्याला खरे सांगत नाहीत आणि बाहेर बिल वाढत आहे. 'गब्बर इज बॅक' (२०१५) हा काही भयपट नव्हे, पण त्यात आधीच मृत झालेल्या माणसाला रुग्णालयात दाखल करून घेतात आणि उपचारांचे पैसे मागत राहतात, तो प्रसंग खेड्यापाड्यांत लोकांना तोंडपाठ आहे. मुळात तो 'रमणा' या २००२ सालच्या तमिळ चित्रपटातला. माझ्या दृष्टीने आपल्याकडचा सर्वांत परिणामकारक वैद्यकीय भयप्रसंग हाच.

मिरजवासी (मिरज)

माहुलीसर, तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि म्हणूनच त्या प्रसंगाविषयी मला तीव्रतेने लिहावे लागते आहे. तो प्रसंग पाहिल्यानंतर कित्येक नातेवाइकांनी मला तोंडावर विचारले आहे, की डॉक्टर, तुम्ही मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर तर ठेवले नाही ना? विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. पण व्हेंटिलेटर फक्त फुप्फुसात हवा भरतो. हृदय थांबलेल्या शरीराला तो जिवंत दिसायला लावू शकत नाही. काही तासांत शरीर गार पडते, ताठते, रंग बदलते आणि ते कुणापासूनही लपत नाही.

गोंधळ होतो तो मेंदूमृत अवस्थेमुळे. तिथे मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते, पण यंत्राने श्वास दिल्यामुळे हृदय काही काळ चालू राहते, हाताला ऊब असते. अवयवदानासाठी ही अवस्था ठरवण्याची पद्धत १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने घालून दिलेली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ, तपासण्या दोनदा, आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर. 'कोमा' पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला कोमा आणि मेंदूमृत्यू एकच वाटतात. कोमातला माणूस जिवंत असतो, त्याचा मेंदू कमीअधिक काम करत असतो आणि काही जण त्यातून परतही येतात. भय निर्माण करण्यासाठी हा फरक पुसला, तर त्याची किंमत मूत्रपिंडाची वाट पाहत डायलिसिसवर असलेला माणूस मोजतो. चित्रपटांनी भीतीदायक असू नये, असे मी म्हणणार नाही. पण ती भीती कशावर उभी केली आहे, याची जबाबदारी त्यांनी घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

माहुली (सातारा)

डॉक्टरसाहेब, तुमचा खुलासा मी आमच्या ओळखीच्या मंडळींना वाचून दाखवणार आहे. तरीही एक सांगतो. लोकांनी तो प्रसंग खरा मानला, कारण त्यांना आधीच कुणी नीट सांगत नव्हते. तुम्ही वर लिहिलेत तेवढे चार शब्द बाकड्यावर बसलेल्या माणसाला वेळेवर मिळाले असते, तर चित्रपटाला तिथे शिरायला फट राहिली नसती.

मिरजपूर्व (मिरज तालुका)

बराच वेळ लिहावे की नाही, या विचारात होतो. आपल्या भागात वैद्यकीय भय या विषयावर बोलताना म्हैसाळ गावातले प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि त्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. न्यायालयीन बाजूविषयी मी इथे काही लिहिणार नाही. त्या दिवसांत मला कुणी विचारले असते की सर्वांत भयंकर काय वाटते, तर मी सांगितले असते की ती जागा. माळावरचे ओसाड घर नव्हे, तळघर नव्हे. जाता-येता दिसणारा गावातला साधा दवाखाना. लोक ताप-खोकल्यालाही तिथे जात असणार. आणि कृष्णाकाठ यांचा संमतीचा मुद्दा इथे वेगळेच रूप घेतो, कारण टेबलावर आडवी होणारी बाई आणि संमती देणारी माणसे एकच नव्हती. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदाही १९९४ चाच आहे. तो असताना हे घडत होते.

यावर कुणी भुतांचा चित्रपट काढू नये, असे मला कळकळीने वाटते. भूत आणले की दोष त्या भुताचा होतो आणि घरातली माणसे सुटतात.

कृष्णाकाठ (सांगली)

मिरजपूर्व, तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. संमती कुणाची, हा प्रश्न मी मूळ लेखात विचारायलाच हवा होता इतका तो मध्यवर्ती आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेल्या एका निकालात स्पष्ट सांगितले आहे, की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी पुरत नाही, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. तरीही प्रत्यक्षात वॉर्डात कागद पुढे येतो तो बहुधा नवऱ्यापुढे, मुलापुढे किंवा भावापुढे. ज्या शरीरावर शस्त्र चालणार, त्याच्या मालकिणीला कागदावर काय लिहिले आहे हे कुणी वाचून दाखवले का, एवढ्या एका प्रश्नावर मराठीत उत्तम वैद्यकीय भयपट होऊ शकेल आणि त्यात एकही खोटी गोष्ट घालावी लागणार नाही.

अशा चित्रपटाचा विचार करायचा झाला, तर माझ्या डोळ्यांसमोर २०१९ च्या ऑगस्टमधल्यासारखा पुराचा काळ येतो. कृष्णेचे पाणी शहरात चढलेले, वीज गेलेली, जनरेटरचे डिझेल मोजून वापरायचे, आणि एका खासगी रुग्णालयात वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया अर्ध्यावर आलेली. बाहेर जाण्याचा मार्ग नाही, त्यामुळे आतल्या माणसांवर विश्वास ठेवण्याला पर्याय नाही. खलनायक कुणालाही करायचे नाही. यात आतल्या माणसांच्या बाजूने नेमका कोणता प्रसंग घालावा, हे शाहूपुरीताईंनी किंवा मिरजवासी यांनी सुचवावे.

शाहूपुरी (सातारा)

मी मॉप काउंटचा प्रसंग घालीन. पोट उघडण्याआधी रक्त टिपायचे कापडी मॉप, गॉज, सुया, चिमटे हे सगळे दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. टाके घालण्याआधी पुन्हा मोजायचे. समजा, फळ्यावर दहा आहेत आणि हाती नऊ येतात. तुमच्या चित्रपटात जनरेटर बंद व्हायला आला आहे, सर्जन थकलेले आहेत आणि म्हणत आहेत, की सिस्टर, पुन्हा मोजा, तुमचीच चूक झाली असेल, मी पोट बंद करतो आहे. सिस्टर वयाने लहान आहे, नोकरी नवीन आहे, आणि सर्जन शहरातले मोठे नाव आहे. तिने सांगायचे, की सर, काउंट जुळल्याशिवाय बंद करता येणार नाही. हे वाक्य म्हणायला किती बळ लागते, ते ज्यांनी म्हटले आहे त्यांनाच माहीत. एरवी मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो, त्यामुळे शेवटी एक्स-रे काढून खात्री करता येते. पण वीज नसेल तर तोही मार्ग बंद. मग तिच्या शब्दावर सगळे अवलंबून. रुग्ण झोपलेला आहे, नातेवाईक खाली पाणी बघत उभे आहेत आणि तिने सोडून दिले तर आज कुणालाच कळणार नाही.

हरिपूर (सांगली)

हा प्रसंग मला पूर्णपणे मान्य आहे, आणि माझा मूळ मुद्दाही त्यात आहे. रक्ताने भिजलेला मॉप पोटात आजूबाजूच्या भागापासून वेगळा ओळखू येत नाही. तो तिथे समोर असतानाही दिसत नाही. दिग्दर्शकाने कॅमेरा सिस्टरच्या चेहऱ्यावर ठेवून भागणार नाही, त्याला तो उघडा चौकोन जवळून आणि बराच वेळ दाखवावा लागेल, म्हणजे प्रेक्षकही तिच्याबरोबर त्यात तो दहावा मॉप शोधत बसेल.